सासऱ्याच्या नावात अडकलेला पाना

नोकुथुला म्हणजे शांतता. झुलू आईबाप मुलींची नावे अशी मोठ्या आशेने ठेवतात आणि पुढे मुलगी काय करते ते हात जोडून बघत बसतात. लाडाने तिला थुला म्हणत, आणि थुला म्हणजे सरळ 'गप्प बस'. म्हणजे जो कुणी तिला हाक मारी तो त्याच दमात तिचे तोंडही बंद करी. ती खरोखर गप्प बसली असती तर तिची गोष्ट सांगायची वेळच आली नसती. शहरालगतच्या कात्लेहाँग वस्तीतल्या आमच्या भागात तिच्या रागाला सगळे टरकून असत. तो राग बिनकारणी आहे असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या शेजारी उभे राहून एक चाक बदललेले नव्हते.

तिचा नवरा वेलाफी सिथोले स्पिनर होता. जुनी चौकोनी बीएमडब्ल्यू, जिला इथे शेंबडी पोरेही गुशेशे म्हणतात, ती मैदानाच्या मधोमध नेऊन तो भोवऱ्यासारखी जागच्या जागी गरगर फिरवी. मागच्या टायरांचा धूर वर चढे, गाडी फिरतच असे आणि वेलाफी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन लोकांना हात करी. बाया-माणसे वेड्यासारख्या शिट्ट्या मारीत. टायर फाटला की गाडी कडेला येई. तिथे धुराने डोळे लाल झालेली नोकुथुला जॅक घेऊन उभी असे. टाळ्या वेलाफीला आणि तापलेले टायर हिला, अशी त्या संसारातली वाटणी होती.

तिचा बाप शेजारच्या व्होस्लूरूस वस्तीत रस्त्याकडेला पत्र्याच्या खोक्यात पंक्चर काढायचा. तिचे बालपण पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्यात गेले होते. त्यामुळे गुशेशेच्या चाकांचे दुखणे तिच्या लवकर ध्यानात आले. या गाडीचे चाक बोल्टने बसते. घरी, दारात, सावकाश बदलायचे असेल तर त्यात काही वाईट नाही. पण मैदानावर एका गुडघ्याने चाक उचलून धरायचे, त्याची भोके हबच्या, म्हणजे आसाच्या टोकावरच्या तबकडीच्या, भोकांसमोर आणायची, आणि मग एकेक बोल्ट आत सारायचा. जरा हात हलला की भोक सरकते. बोल्ट धुळीत पडतो, आट्यांत वाळू जाते, आणि तिकडे लोक ओरडत असतात. एकदा असाच शेवटचा बोल्ट हातातून निसटला. ती मातीत चाचपडत असताना कुणीतरी बीअरचा रिकामा डबा तिच्या पाठीवर फेकून मारला. ती उठली, डबा मारणाऱ्याला शोधून काढून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि घरी जाताना वेलाफीला सांगितले की बोल्टचे दिवस संपले.

मग तिने स्टड, म्हणजे हबमध्ये कायमच्या रोवलेल्या आट्यांच्या खुंट्या, बसवले. कुणाकडून बसवून घेतले नाहीत, स्वतः बसवले. सगळे बोल्ट काढले, हबचे आटे तारेच्या ब्रशने घासले, पेट्रोलने पुसून कोरडे केले. प्रत्येक स्टडला आटे धरून ठेवणारे चिकट औषध लावले. स्टडवर दोन नट एकमेकांना भिडवून त्यांच्या जोरावर तो हबमध्ये शेवटपर्यंत फिरवला आणि मग ते दोन्ही नट सोडवून घेतले. औषध वाळेपर्यंत वेलाफीला गाडीच्या आसपासही फिरकू दिले नाही. नटाचा उतार आणि रिमच्या भोकाचा उतार एकमेकांना जुळतो की नाही हे तिने बोटाने, डोळ्याने आणि शेवटी काजळी लावून पाहिले. त्यानंतर काम एकदम सोपे झाले. खुंटीला टोपी अडकवावी तसे चाक अडकवायचे, वरून नट फिरवायचे आणि आवळायचे. इतर स्पिनर आधी हसले आणि मग एकेक करून आपल्या गाड्या तिच्या दारात आणून उभ्या करू लागले.

तिची एकच अट असे. नव्याने बसवलेले चाक पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायचे. नट जागेवर बसतात, थोडे ढिले होतात, त्यांना पुन्हा पाना लावावाच लागतो. म्हणून गाडी कडेला आली की ती घसा फोडून ओरडायची, "किनिसा!" आवळ. त्यातला 'कि' साधा नाही. जीभ टाळ्याला चिकटवून सोडायची, बाटलीचे बूच उडाल्यासारखा आवाज येतो. तिचा तो आवाज इंजिनाच्या वर ऐकू यायचा. मैदानावरची माणसे तिची नक्कल करून एकमेकांना 'किनिसा' म्हणून डोळा मारीत, पण पाना लावत.

मग गेल्या हिवाळ्यात गावाकडून, म्सिंगाहून, सासरा आला.

सासू वारली होती, म्हातारा डोंगरात एकटा पडला होता, मुलाने त्याला आपल्या घरी आणले यात वावगे काहीच नव्हते. नोकुथुलानेच त्याची खोली झाडून-पुसून तयार केली. पाठोपाठ त्याची बहीण, म्हणजे वेलाफीची बाबेकाझी, चार दिवसांसाठी म्हणून आली आणि ठाण मांडून बसली. म्हाताऱ्याला सगळे त्याच्या कुळाच्या मानाच्या नावाने 'जोबे' म्हणत. त्याचे खरे नाव किनिसो. किनिसो म्हणजे सत्य.

सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, एवढेच असते तर कुणाचे काही अडले नसते. पण रिवाज तिथे थांबत नाही. त्या नावाचा आवाज ज्या ज्या शब्दात आहे तो प्रत्येक शब्द सुनेला बंद. जोबे यायच्या आधी शहरात या गोष्टीकडे कुणी फारसे बघत नव्हते. तो आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नोकुथुला अंगणात कुणाच्या तरी गाडीखालून "किनिसा" म्हणून ओरडली, आणि बाबेकाझी उंबऱ्यात येऊन छाती पिटू लागली. मकोटीने, म्हणजे घरच्या सुनेने, सासऱ्याला नाव घेऊन हाक मारली, तीही जमिनीवर पाठ टेकून, पाय पसरून! म्हाताऱ्याने आतून काठी आपटली. त्या दिवसापासून नोकुथुलाला 'आवळ' म्हणायची बंदी झाली. 'खरे' म्हणायचीही झाली, कारण इकिनिसो म्हणजे खरे. त्या दुसऱ्या बंदीकडे तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही.

तिने वेलाफीला खोलीत गाठले. "तुझ्या बाबांना सांग, घरात मी तोंडाला कुलूप लावते. पण गाडीपाशी तरी तो शब्द बोलू द्या."

"एक शब्द तर आहे, थुला. दुसरा वापर."

"तुझी चारही चाकं धरून ठेवतो तो एक शब्द."

वेलाफी म्हणाला की बाबा म्हातारे आहेत, किती दिवसांचे सोबती, कशाला त्यांचे मन दुखवायचे. वडिलांपुढे त्याची जीभ नेहमीच टाळ्याला चिकटायची. गाडीच्या खिडकीतून हजार माणसांसमोर लोंबकळणारा हा मर्द घरात बापासमोर खोकलायलाही परवानगी मागे. नोकुथुला त्याला काय वाटेल ते बोलली आणि शेवटी तिने दुसरा शब्द घेतला. 'बोफा', म्हणजे बांध. चाक बांध, नट बांध. नेहमीच्या माणसांना कळायचे. ते ताई म्हणून हाक मारत दात काढून विचारायचे, "सिसी, गाठ सरकती मारू की पक्की?" आणि ती पाना उगारायची. पण काम चालले होते. कुढत का होईना, चालले होते.

वसंतात थोकोझाच्या मैदानावर मोठे स्पिनिंग ठरले आणि जोबेने मुलाला गाडी फिरवताना बघायची इच्छा सांगितली. वेलाफी हरखून गेला. लहानपणी बाप खाणीत, पोरगा गावात. बापाने त्याचे कधी काही पाहिलेच नव्हते. त्याने गाडी धुतली, पुसली, आणि आदल्या दिवशी नोकुथुला बाजारात गेली असताना रिमना सोनेरी रंग मारला. वरून मारला, आतून मारला आणि नटांच्या भोकांतही मारला.

ती परत आली आणि पिशव्या हातात धरूनच किंचाळली. नटाचा उतार जिथे रिमवर बसतो तिथे कोरा धातू हवा. रंगावर नट बसवला की रंग चिरडतो, आणि चिरडला की नट सुटा होतो. हे तिने त्याला याआधी ढीगभर वेळा सांगितले होते. आता तिने चाकू आणला आणि भोके खरवडायला बसली. वेलाफीने तिच्या हातातून चाकू काढून घेतला.

"बाबा पहिल्यांदा बघणार आहेत. कोंबडीनं चोचा मारल्यासारखी रिम घेऊन जाऊ त्यांच्यापुढे?"

"मग पहिल्या फेरीनंतर मी स्वतः पाना लावणार."

"तू तिथे कशी येशील? बाबा असणार ना."

हे तिच्या लक्षातच आले नव्हते. सासरा समोर असताना सुनेने डोक्याला फडके आणि खांद्यावर शाल घेऊन बायकांत बसायचे असते. गाडीखाली लोळायचे नसते. जॅक लावायला म्हणून वेलाफीने चुलतभाऊ खुलेकानी याला घेतले. चाळिशी उलटलेला, मनाचा सरळ आणि ताकदीचा माणूस. म्सिंगाहून नुकताच आलेला, आणि आजवर गुरांखेरीज कशाला हात न लावलेला.

शनिवारी मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. जोबेला पहिल्या रांगेत, कडेच्या दोराला लागून खुर्ची दिली होती. नोकुथुला तंबूमागे बायकांबरोबर पाप म्हणतात ती मक्याची घट्ट लापशी ढवळत होती. शालीच्या आत घामाने निथळत होती आणि ज्या दिवशी या घरात पाऊल टाकले त्या दिवसाला शिव्या घालत होती. जेवण तयार झाले तशी ती सासऱ्याचे ताट घेऊन गेली. रिवाजाप्रमाणे गुडघ्यांवर बसून, खाली मान घालून, दोन्ही हातांनी तिने ताट पुढे केले. खुलेकानी खुर्चीमागेच उभा होता. दुसरी संधी मिळणार नव्हती. तिने मान वर न करता मोठ्याने, सवयीच्या शब्दात, त्याला भाऊ म्हणून सांगितले, "बुटी, पहिली फेरी संपून गाडी कडेला आली की मागची चाकं पुन्हा बांध. दोन्ही. चांगली करकचून."

"बांधतो, सिसी," खुलेकानी म्हणाला.

जोबेने समाधानाने मान हलवली. सुनेने कुठला शब्द गिळला ते त्याला बरोबर कळले होते. शेजारच्या म्हाताऱ्याकडे वाकून त्याने काहीतरी सांगितले आणि तो म्हाताराही वा वा करू लागला की शहरात अशा सुना आता राहिल्या नाहीत. ते ऐकून नोकुथुलाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती उठून तंबूमागे गेली.

पहिली फेरी झकास झाली. सोनेरी रिम उन्हात चमकल्या, धूर झाला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. गाडी कडेला आली, वेलाफी उतरून लोकांच्या गळामिठ्या घेऊ लागला. त्याला रंगाचे माहीत होते, नटांचेही माहीत होते. पण त्याच्या खांद्यावर माणसे थापा मारत होती आणि बाप बघत होता. खुलेकानी मात्र सांगितलेले काम विसरला नाही. तो कुठूनसा जाड दोर घेऊन आला, दोन्ही मागच्या चाकांच्या जाळीतून ओवला, आणि गाडी जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबाला बांधली. दुहेरी गाठ मारली. लोक गर्दी करताहेत, गाडी घरंगळली तर, म्हणून वहिनीने किती विचार केला, असे त्याला वाटले. वेलाफी परत आला तेव्हा त्याने दोर सोडून गुंडाळून ठेवला आणि सगळे ठीक आहे म्हणून अंगठा दाखवला.

दुसऱ्या फेरीत वेलाफी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि बापाकडे बघून हात हलवू लागला. त्याच वेळी मागचे उजवे चाक सुटले. गाडी बसकण मारून कलली आणि ठिणग्या उडवत थांबली. चाक मात्र थांबले नाही. इतकी माणसे कडेच्या दोराला खेटून उभी होती, ती सगळी बाजूला झाली. खुर्चीत बसलेल्या जोबेला तेवढे चटकन उठता आले नाही. चाकाने त्याच्या नडगीचे दोन तुकडे केले.

त्यानंतर जे बोलले गेले ते इथे सगळे लिहिण्यासारखे नाही. मैदानावर एकाने म्हटले की बाईचा हात तो बाईचा हात, त्याने नट कुठून बसणार. पुढच्या कोपऱ्यापर्यंत ती गोष्ट गेली तोवर नोकुथुलाने नट आवळलेच नव्हते असे झाले, आणि संध्याकाळपर्यंत तिने मुद्दाम आवळले नव्हते असे. ज्यांच्या गाड्यांना तिनेच स्टड लावले होते ते लोक येऊन स्टड काढून देशील का विचारू लागले. तिने त्यांना फाटकाबाहेर हाकलले. सुटलेले चाक तिने मैदानातून स्वतः उचलून आणले होते. अंगणात बसून तिने रिमचे एकेक भोक बघितले. भोके झिजून लांबट झाली होती, आणि त्यांच्या कडेला सोनेरी रंगाच्या चिरडलेल्या सुरळ्या चिकटलेल्या होत्या. तिने वेलाफीला हाक मारून ते दाखवले. त्याने बघितले, खाली बसला, डोके धरले आणि म्हणाला, बाबा घरी येईपर्यंत काही बोलू नकोस. ती थांबली. तो स्वतःच बोलेल असे तिला वाटले. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला असे वाटले याचाच तिला पुढे सर्वांत जास्त राग आला.

म्हातारा पायाला प्लास्टर घालून इस्पितळातून घरी आला आणि पुढच्या रविवारी घरची बैठक बसली. जोबे पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत, बाबेकाझी सोफ्यावर, तिच्या शेजारी वेलाफी, दाराशी खुलेकानी. नोकुथुला चटईवर.

बाबेकाझीने सुरुवात केली. त्या खुंट्या हिने ठोकल्या. बनवणाऱ्यांनी गाडीला बोल्ट दिले होते, ते बाकी सगळ्यांना पुरले, हिलाच पुरले नाहीत. आता त्या खुंट्या काढायच्या, बोल्ट परत लावायचे. मकोटीने यापुढे गाडीला हात लावायचा नाही, कुणाच्याच गाडीला नाही, आणि अंगणात चालवलेला तो कारखाना बंद करायचा. भावाची माफी मागण्यासाठी शेळी कापायची ती वेगळीच. नोकुथुला ऐकत होती. तिच्या हातांना जे येत होते, ज्यावर तिचे नाव होते, ते सगळे ही बाई चहा ओतावा तशी मोरीत ओतत होती. तिने वेलाफीकडे पाहिले. तो कोल्ड्रिंकच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होता.

खाणीतल्या ड्रिलने जोबेचे कान अधू केले होते, म्हणून तो नेहमी मोठ्याने बोले. त्याने विचारले, "मकोटी, त्या दिवशी तू खुलेकानीला काय सांगितलंस? खरं सांग."

'खरं' म्हणताना त्याने अर्थातच आपल्याच नावाचा शब्द वापरला. त्याला तो मोकळा होता.

नोकुथुलाने सासऱ्यापुढे पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही आत्ता जे सांगायला सांगितलंत ना बाबा, त्याचं नावसुद्धा घ्यायची मला बंदी आहे."

बाबेकाझी काही म्हणणार होती, जोबेने हाताने थांबवले. नोकुथुला मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असे बोलू लागली. "मी म्हटलं, चाकं बांध. 'बांध' म्हटलं, कारण दुसरा शब्द तुमच्या नावाचा आहे."

"मी बांधलं की," खुलेकानी दारातून कळवळून म्हणाला. "दुहेरी गाठ होती. माजलेला बैल सुटला नसता."

बाबेकाझीला हसू फुटले, वेलाफीलाही फुटले. नोकुथुला चटईवरून ताडकन उठली. "त्याला हसू नका. त्यानं मी सांगितलं ते केलं. सांगितलेलं ऐकणारा या घरात तो एकटा निघाला." मग सासऱ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तर मान हलवलीत. मी काय गिळलं ते तुम्हाला कळलं होतं. तो दोर घेऊन आला तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

म्हातारा प्लास्टरकडे बघत म्हणाला, "दोर पाहिला मी. मला वाटलं, शहरात गाडीला असंच करत असतील."

कुणी हसले नाही. जोबे माणूस वाईट नव्हता. आपलाच पाय आपल्याच नावाने मोडला हे त्याला तिथे बसल्या बसल्या उमगत होते, आणि ते कुणालाही सोपे गेले नसते. त्याने घसा खाकरला आणि निर्णय दिला. गाडीपाशी असताना मकोटीने तो शब्द बोलायला हरकत नाही. पूर्वजांना तो समजावून सांगेल. शेळी कापायची ती त्यासाठी कापू. घरात मात्र रिवाज तो रिवाज.

बाबेकाझीने नाक मुरडले, पण भावाचा शब्द मानला. वेलाफीने इतका मोठा सुस्कारा टाकला की बाटली कलंडली. आपली सुटका झाली असे त्याला वाटले. बाबेकाझी म्हणाली, चला, मिटलं. खुंट्या तेवढ्या काढून टाक, वेलाफी. मकोटी, चहा ठेव.

नोकुथुला बाहेर गेली. स्वयंपाकघरात नाही, अंगणात गेली. परत आली तेव्हा ती ते सुटलेले चाक गडगडवत घेऊन आली. बाबेकाझीने पाय वर घेतले. पुसलेल्या फरशीवर मातीचा पट्टा ओढत चाक सासऱ्याच्या स्टुलापाशी आले. नोकुथुलाने ते आडवे पाडले, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे गाडीचंच आहे. म्हणजे मी गाडीपाशी आहे."



"आता इकिनिसो सांगते," ती म्हणाली. जीभ टाळ्यावरून अशी सुटली की खोलीत बूच उडाल्यासारखे झाले. बाबेकाझीने तोंडावर हात घेतला. "ही भोकं बघा, बाबा. हा सोनेरी रंग बघा. आदल्या दिवशी मी चाकू घेऊन बसले होते आणि तुमच्या मुलानं माझ्या हातातून चाकू काढून घेतला. तुम्हाला रिम चमकताना दिसाव्यात म्हणून. रंग चिरडला आणि नट ढिले झाले. माझे स्टड हलले नाहीत, आत्ता बाहेर जाऊन बघा, हबमध्ये जसेच्या तसे आहेत. पहिल्या फेरीनंतर हा माणूस गाडीतून उतरला तेव्हा त्याला हे सगळं माहीत होतं. हे चाक मी त्याला त्याच संध्याकाळी दाखवलंय. आणि आज इथे माझे हात कापायला निघालात तरी तो बाटलीचा कागद सोलत बसलाय."

जोबेने वाकायचा प्रयत्न केला, जमले नाही. तेव्हा त्याने काठीच्या टोकाने रिमच्या एका भोकाची कड खरवडली. सोनेरी पापुद्रा निघून काठीला चिकटला. तो त्याने बोटाने पुसला आणि मुलाकडे बघितले.

"हिनं सांगितलं ते इकिनिसो आहे?"

वेलाफी बाटलीलाच म्हणाल्यासारखा म्हणाला, "हो, बाबा."

"माझ्यासाठी रंगवलंस?"

"हो."

म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर असा झाला की नोकुथुलालाही तिकडे बघवेना. मग तो म्हणाला, "ऊठ. सगळ्या चाकांचा रंग काढ. हातानं काढ." थांबून म्हणाला, "खुंट्यांना हात लावू नकोस. त्या तिच्या आहेत."

वेलाफी उठला. जाताना बायकोच्या जवळून गेला, पण तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. खुलेकानी त्याच्या मागे गेला. थोड्याच वेळात अंगणातून पॉलिशकागदाची खरखर येऊ लागली. बाबेकाझी शाल ओढून आतल्या खोलीत निघून गेली. चहा कुणी मागितला नाही आणि नोकुथुलाने ठेवलाही नाही.

तिचा राग गेला असेल असे कुणाला वाटेल, पण तो गेला नव्हता. उलट, बोलून झाल्यावर तो जास्तच चढला होता. इतकी साधी गोष्ट, ती कळायला एका माणसाचा पाय मोडावा लागला, आणि ती सांगायला तिला चाक बैठकीत आणावे लागले. ती खिडकीशी उभी राहून बघत होती. वेलाफीने एका रिमची भोके कोरी केली, चाक स्टडवर अडकवले, नट हाताने फिरवले आणि पाना खाली ठेवून पुढच्या चाकाकडे सरकला. तेही तिच्या डोळ्यांदेखत. तिने खिडकी धाडकन उघडली. ती घरात होती, गाडी बाहेर होती, रिवाज काय होता ते तिला चांगले ठाऊक होते.

"किनिसा!" ती ओरडली, मैदानावर ओरडायची तशी. "किनिसा!"

अंगणात वेलाफीने दचकून पाना उचलला. आणि तिच्या मागे, खुर्चीत, अधू कानांच्या त्या म्हाताऱ्याने, ज्याला बायको गेल्यापासून काय, ती असतानाही कुणी नावाने हाक मारली नव्हती, झटकन मान वर करून ओ दिली.